‘खो’ मिळेपर्यंत

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची. सांगलीत रोज संध्याकाळी खो-खोला जाते, पण ‘खो’ मिळायच्या आधीच उठते आणि फाउल होतो. वर्गातही प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देते. काय करावं?

उत्तर : एकदा पाटीवर बसलेल्या तिच्याकडे नीट बघा. टाच उचललेली, हात जमिनीला टेकलेले, सगळं अंग सुटायच्या बेतात. तरी पाठीवर थाप पडेपर्यंत उठायचं नाही. तयार झालेली हालचाल अशी रोखून धरणं हे मेंदूचं वेगळं, कष्टाचं काम आहे. मोठ्या माणसालाही सुटत आलेली हालचाल रद्द करायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. ज्या कपाळामागच्या भागावर याची मुख्य भिस्त, तो पंचविशीपर्यंत पिकत असतो. आठव्या वर्षी ब्रेक कच्चा असणारच.

घरी ‘चिमणी उड, कावळा उड’ खेळा. ‘म्हैस उड’ला बोट जागेवर राहिलं पाहिजे. ते जमलं की नियम उलटा करा: आता म्हैस उडते, चिमणी नाही! स्वतःला रोखणं, नियम ध्यानात धरणं, नियम बदलला की आपणही बदलणं. कार्यकारी क्षमता म्हणतात त्या प्रामुख्याने याच तीन. मात्र या उतावळेपणामुळे घरी आणि शाळेत महिनोन्‌महिने अडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मिरजेत मुलांना शिकवतो. मैदानाच्या फेऱ्या वाढवल्या तर अभ्यासातही संयम येईल का?

उत्तर : फेऱ्यांनी दम वाढेल, आणि तो हवाच. संयमासाठी मात्र डोकं लावावं लागेल अशी हालचाल द्या. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन महिने तायक्वांदो शिकलेल्या मुलांचा स्वतःवरचा ताबा नेहमीच्या पीटीच्या तासाला गेलेल्या मुलांपेक्षा जास्त सुधारला. एका शिट्टीला पळा, दोन शिट्ट्यांना जागीच थांबा. चार दिवसांनी अर्थ उलटा करा. पालकांना मार्कांचं आश्वासन मात्र देऊ नका, सर. मैदानावरचं थांबणं गणिताच्या वहीत आपोआप उतरत नाही.

प्रश्न : वय ७२. आमराईत फिरताना कुणी बोलायला लागलं की माझे पाय थांबतात.

उत्तर : काका, हे डॉक्टरांना जरूर सांगा. बोलताना चालणं थांबणारे वृद्ध पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडतात, हे स्वीडनमध्ये १९९७ साली दिसलं होतं. तोवर रस्ता ओलांडताना आणि पायऱ्या उतरताना बोलू नका. सोबत्यालाही तसं सांगून ठेवा.