माझी कहाणी सांगितलीच पाहिजे का?

ताई, मी २६ वर्षांची आहे. सोळाव्या वर्षी नात्यातल्या एका बाईने पार्लरमध्ये काम लावते म्हणून पुण्याला नेलं आणि विकलं. पोलिसांनी सोडवल्यावर सुधारगृहात शिवण शिकले. आता एका संस्थेत सुटून आलेल्या मुलींसोबत कोर्टात, दवाखान्यात जाते. ते काम मला मनापासून आवडतं. पण संस्थेच्या मॅडम म्हणतात, मोठ्या कार्यक्रमात तुझी कहाणी सांग, दहा पोरी वाचतील. भावाचं लग्न ठरतंय. तो म्हणतो, बोललीस तर घराचं दार बंद. मी गप्प राहिले तर स्वार्थी ठरेन का?

नाही गं, अजिबात नाही.

मॅडमच्या मनात वाईट असेल असं मी म्हणणार नाही. पण मुली वाचतात त्या तू आत्ता करतेस त्या कामाने. पोलीस ठाण्यातल्या बाकावर अंग चोरून बसलेल्या मुलीला भाषण नको असतं. जबाब कसा लिहून घेतात, उलटतपासणीत काय काय विचारतात, सुधारगृहातून घरी कधी सोडतात, हे सांगणारं कुणी शेजारी हवं असतं. ते तुझ्याइतकं त्या मॅडमनाही ठाऊक नाही.

नेपाळच्या 'शक्ती समूह'बद्दल तू ऐकलं असशील. १९९६च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या कुंटणखान्यांवर धाडी पडल्या, शेकडो मुली सुटल्या, त्यांत नेपाळच्या खूप होत्या. त्यांचं सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. शेवटी तिथल्या संस्थांनी त्यांना नेलं. आपलं पुढे काय करायचं हे सगळे परस्पर ठरवतात, आपल्याला कुणी विचारतच नाही, हे त्यांना सलत होतं. म्हणून त्यांच्यातल्याच काहीजणींनी त्याच वर्षी स्वतःची संघटना उभी केली. नागरिकत्वाच्या कागदांपायी नोंदणी अडली, ती २०००मध्ये झाली. निवारा, समुपदेशन, कोर्टकचेरी, गावोगावची जागृती, सगळं त्यांनी हाती घेतलं. २०१३मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्यातल्या चरीमाया तामांग यांनी गावी परतून दलालांवर फिर्याद दिली आणि त्यांना शिक्षा झाली. त्या नावानिशी बोलतात, पण बोलायचं हे त्यांचं त्यांनी ठरवलं. आपल्याकडेही 'इंडियन लीडरशिप फोरम अगेन्स्ट ट्रॅफिकिंग'मध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या अशा बायका एकत्र आल्यात. सुटलेल्या मुलींना निवारागृहात डांबू नका, त्यांच्या गावात राहून उभं राहायला मदत करा, अशी त्यांची मागणी आहे. या मागणीसाठी कुणाच्याही अंगावरचे वण दाखवावे लागत नाहीत.

म्हणून मॅडमना सांग की मला माइक नको, बैठकीत खुर्ची द्या. मुलींसाठी काय करायचं हे ठरतं तिथे मला बसवा. आणि कोर्टात दिवस मोडतो त्याचं मानधन, प्रवासखर्च माग. हे मागताना संकोच करू नकोस. समाजसेवेच्या नावाखाली तुमच्यासारख्या मुलींना फुकट राबवणं मला मुळीच पटत नाही.

भावाचं भय मी समजू शकते, पण त्याने घातलेली अट मला मान्य नाही. विकणारी बाई गुन्हेगार होती, तू नव्हेस, हे त्याला घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याकडून सांगव. आज बोलायचं नाही असं ठरवलंस, तर ते तुझ्या मनाला नको म्हणून ठरव. त्याच्या धाकाने ठरवलंस तर पुढे तेच टोचत राहील.

उद्या कधी बोलावंसं वाटलं, तर फोटो, चित्रीकरण, गावाचं नाव यांबद्दलच्या अटी आधी कागदावर घे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख तिच्या लेखी संमतीशिवाय छापणं हा गुन्हा आहे, हे संस्थेलाही लागू आहे.

आणखी एक. तुला नुकसानभरपाई मिळाली का, हे पत्रात नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन कर. मानवी तस्करीच्या पीडितांना तिथे वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तुझी केस अजून चालू असेल, तर कार्यक्रमाचं काहीही ठरवण्याआधी त्या वकिलाशी बोल.