गाडीवाल्याला विचारा : लाल एमजी आणि आमचे मिस्टर

प्रश्न : नमस्कार सर, आमचे मिस्टर मार्चमध्ये बँकेतून रिटायर झाले आणि तेव्हापासून घरात एकच विषय, एमजी टीडी ही जुनी विलायती गाडी. 1951 चं मॉडेल, लाल रंग, बांद्र्याला एकांच्या गॅरेजात उभी आहे. मालक म्हणतात चार वर्षं खपून रिस्टोर केली, सगळं ओरिजिनल, तारांची चाकं पण ओरिजिनल, पस्तीस लाख फायनल. हे दोनदा जाऊन स्टिअरिंगला हात लावून आलेत, आता जेवताना पण फोटो बघत बसतात. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही पण पैसे पीएफचे आहेत. काय बघायचं ते सांगा. – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : ताई, सुरुवात त्या तारांच्या चाकांपासूनच करू. टीडी कारखान्यातून निघायची ती पत्र्याच्या 15 इंची चाकांवर. मोठी 19 इंची तारांची चाकं होती तिच्या आधीच्या टीसीला, आणि नंतरच्या टीएफला तारांची चाकं जादा पैसे भरून मिळायची. म्हणजे ह्या गाडीला ती कोणीतरी मागाहून हौसेने घातलीत. दिसतात झकास, त्याबद्दल वाद नाही, पण मालक त्यांना ओरिजिनल म्हणत असेल तर एकतर त्यालाच माहीत नाही नाहीतर तुम्हाला माहीत नसणार असं त्याने धरलंय, आणि दोन्ही केसमध्ये त्याचा बाकीचा 'ओरिजिनल' पण तपासून घ्यावा लागेल.

आता खरी गोष्ट. ही गाडी दिसते लोखंडाची पण हिची चासी सोडली तर आतला सांगाडा लाकडाचा आहे, ॲश नावाचं विलायती लाकूड, त्याच्यावर पत्रा खिळ्यांनी ठोकलेला. आणि आपली मुंबई कशी आहे तुम्हाला सांगायला नको, चार पावसाळे नीट झाकून नाही ठेवली तर लाकूड आतून पिठासारखं होतं, वर रंग चकचकीत तो चकचकीतच. मी एकदा परळला अशीच एक गाडी बघायला गेलो होतो, रंगात तोंड दिसत होतं अक्षरशः, मालकाची परवानगी घेऊन दाराखालच्या पट्टीला स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो लोण्यात गेल्यासारखा मुठीपर्यंत आत. मालकाचा चेहरा अजून आठवतो, बिचाऱ्याला पण माहीत नव्हतं, त्याला तशीच विकली होती कोणीतरी. तेव्हा मिस्टरांना म्हणावं स्टिअरिंग सोडा आणि दार धरा. टीडीची दारं उलटी उघडतात, बिजागऱ्या मागच्या बाजूला, दार अर्धं उघडायचं आणि खालून हात घालून हळूच वर उचलायचं. बिजागरीबरोबर आख्खा खांब हलला तर आतलं लाकूड गेलंय. बंद करताना दार उचलून लावावं लागत असेल तरी तेच समजायचं. कार्पेट वर करून फळ्या बघा, टोचून बघा. लाकूड नवीन सागवान घातलेलं असेल तर माझी तरी काही तक्रार नाही, आपल्या हवेत ते टिकतं, फक्त तसं सरळ सांगितलेलं असावं. एक साधं लोहचुंबक पण न्या, पातळ कापडात गुंडाळून मडगार्डवरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलीय.

आणि चार वर्षं काम केलं म्हणतात ना, मग बॉडी उतरवलेल्या अवस्थेतले फोटो मागा. ज्याने खरंच गाडी खोलली त्याच्याकडे असे दोनशे फोटो असतात आणि तो न मागता दाखवतो, थांबवावं लागतं त्याला.

इंजिन 1250 सीसीचं, दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर, साधारण 54 हॉर्सपॉवर. त्याच्या नंबरात एक्सपीएजी आणि टीडी ही अक्षरं दिसली पाहिजेत, चासी नंबर पण टीडीने सुरू होतो, आणि दोन्ही नंबर आरसी बुकाशी आकडा न आकडा जुळवून बघा. आपल्याकडे पार्ट मिळेनात तेव्हा ह्या गाड्यांमध्ये ॲम्बॅसेडरचं इंजिन सर्रास घातलं जायचं (गंमत म्हणजे पुढे एमजीच्याच एमजीए गाडीत आलं ते ॲम्बॅसेडरच्याच घराण्यातलं). इंजिनखाली तेलाचे दोन-चार थेंब दिसले तर घाबरू नका, मागच्या बाजूला नीट सीलच नाहीये त्याला, थोडं गळतंच. मालकाला फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, थंड इंजिन कसं उठतं ते बघायचंय.

कागद फार महत्त्वाचे. 2021 च्या नियमाप्रमाणे 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षं चालते, मग रिन्यूअल 5,000. आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो, नसेल तर व्हीएवाला नवीन नंबर. पण अशी गाडी रोज फिरवायला नाही हं, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मिस्टरांच्या डोक्यात दर रविवारी लोणावळा असेल तर आधी विचारा की ही साध्या आरसीवर आहे का आणि ते वेळच्या वेळी रिन्यू झालंय का.

भावाचं म्हणाल तर टीडी काही कोहिनूर नाही, 1953 पर्यंत तीस हजारांच्या आसपास बनल्या, त्यामुळे पार्ट इंग्लंडहून आजही नवे मिळतात. पस्तीस लाख मला तरी जास्त वाटतात, चाकांवरून कमी करायला सुरुवात करा. आणि हो, ह्या गाडीच्या दारांना काचा नाहीत, बाजूला कापडी पडदे लावायचे असतात. जुलैत पार्ल्याच्या सबवेजवळ मिस्टर पडदे लावतायत आणि मागचा रिक्षावाला हॉर्न मारतोय हे चित्र एकदा डोळ्यासमोर आणा दोघांनी, तरीही घ्यावीशी वाटली तर घ्या.

प्रश्न : वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, हल्ली गॅरेजात पेट्रोलचा वास येतो, मेकॅनिक म्हणतो कार्ब्युरेटर गेला. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : कार्ब्युरेटरच्या आधी पाइप बघा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, तडकतं. पाइप दोन बोटांत धरून वाकवा, चिरा दिसतील. इथेनॉलला चालणारे पाइप घाला, फ्युएल पंपाचा आतला पडदा (डायफ्रॅम) पण त्याच वेळी बदला. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा पावसाळ्यात तेच पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका, टाकी आतून गंजते.

प्रश्न : टीडीच्या इंजिनला कुठला पाना लागतो? 14 चा ढिला, 13 चा जातच नाही. – एक वाचक, लालबाग

उत्तर : दोन्ही ठेवून द्या. त्या इंजिनाचे आटे मिलिमीटरचे पण नटाची डोकी व्हिटवर्थ ह्या जुन्या इंग्लिश मापाची, असला विचित्र प्रकार आहे. व्हिटवर्थचा जुना सेट चोरबाजारात शोधा, मिळेपर्यंत 14 चा लावून जोर करू नका, नटाचे कोपरे गोल झाले की मग छिन्नीच.