‘चढत नाही’ की ‘चढवत नाही’?

प्रश्न असा: सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार) रुग्णांना रोजची कामं कितपत झेपतात हे मोजणारी प्रश्नावली मराठीत आणायची आहे. मसुद्यात ‘मला जिना चढवत नाही’ होतं, ते कुणीतरी ‘बोलीतलं’ म्हणून ‘मी जिना चढत नाही’ असं ‘शुद्ध’ केलं. बरोबर काय?

‘चढवत नाही’च ठेवा. व्याकरणात शक्य क्रियापद म्हणून जे शिकलो, तेच हे. चालवत नाही, बसवत नाही, उभं राहवत नाही. प्रमाण मराठीच आहे ती, आणि इथे तर तिच्यावाचून अडेल.

‘लंडन चेस्ट’ नावाची 15 कामांची मोजपट्टी घ्या. अंग पुसणं, केस धुणं, भांडी घासणं, झाडलोट, वाकणं, जिना अशी ती कामं, आणि प्रत्येकाला 0 ते 5 गुण. 0 म्हणजे हे काम मी एरवीही करत नाही. 4 म्हणजे आता ते होतच नाही. आता भांड्यांचंच बघा. आजोबांनी जन्मात कधी ताटली विसळलेली नाही: गुण 0. आजींनी सगळा संसार त्या मोरीत काढला, पण आता दम लागतो म्हणून घासवत नाही: गुण 4. ‘मी भांडी घासत नाही’ हे वाक्य दोघांच्याही तोंडी खरंच ठरेल, आणि मग आजींचा आजार कागदावर शून्यात जमा होईल!

‘घासता येत नाही’ केलं तर? तेही पुरेसं नेमकं नाही. ‘पोहता येत नाही’ म्हणजे शिकलो नाही, ‘आत जाता येत नाही’ म्हणजे परवानगी नाही. ‘-वत नाही’ मात्र थेट अंगातल्या त्राणाबद्दल बोलतं. (मनाबद्दलही बोलतं म्हणा, ‘बघवत नाही’सारखं, पण प्रश्नावलीत तो घोटाळा व्हायचा नाही.)

एका ठिकाणी जपा. त्याच पट्टीत ‘बोलणं’ हेही एक काम आहे. तिथे ‘मला बोलवत नाही’ लिहिलंत तर निम्मे लोक ‘मला कुणी बोलावत नाही’ असं वाचतील आणि सुनेकडे बघतील. तिथे सरळ ‘दम लागतो म्हणून बोलणं होत नाही’ लिहा.

न विचारलेलंही सांगतो. धाप की दम? दोन्ही चालतील, पण मी ‘दम’ घेईन. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थच श्वास. शिवाय ‘दम लागतो’ आणि ‘दम घ्यायला थांबतो’ दोन्ही त्यात बसतं. धाप लागते, पण ‘धाप घ्यायला’ कुणी थांबत नाही. श्वासाच्या त्रासाच्या एमएमआरसी पट्टीत 3ऱ्या पायरीला सपाटीवर साधारण 100 मीटर चालून थांबावं लागतं, तिथे ‘दम घ्यायला’ हेच हवं. फक्त ‘दमतो’ लिहू नका. दमायला शेतात राबलेला धडधाकट माणूसही दमतो.

आणि छातीतल्या शिट्टीसारख्या आवाजाला ‘घरघर लागणे’ अजिबात नको. घरघर लागते ती शेवटच्या घटकेला, नाहीतर सहकारी साखर कारखान्याला. ‘श्वास घेताना-सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो का?’ एवढं पुरे.