आठवड्याच्या इंजेक्शनविषयी: वाचकांची पत्रे आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत आठवड्यातून एकदा घ्यायच्या, साखर आणि वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनविषयीची (सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड) पत्रे सर्वांत जास्त आहेत. त्यांतली पाच निवडून येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

प्रश्न: माझे वय ५२ असून गेली ११ वर्षे मला मधुमेह आहे. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्याचे बैठे काम करतो. वजन ९४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.९ टक्के आहे. गावातल्या डॉक्टरांच्या ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या चालू आहेत. मागच्या महिन्यात मुलाने कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवले, तेव्हा त्यांनी सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन लिहून दिले. घरचे म्हणतात की सुई लागली म्हणजे रोग शेवटाला गेला. हे खरे आहे का? आणि हो, जुन्या गोळ्यांचे काय करायचे, हे विचारायचे राहून गेले.
(एक वाचक, निपाणी)

उत्तर: तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता जे विचारले आहे, तेच सर्वांत महत्त्वाचे असल्यामुळे त्याचे उत्तर आधी देतो. ग्लिमेपिराइड ही गोळी तुम्ही जेवला आहात की नाही हे न पाहता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. इंजेक्शनने भूक निम्म्यावर आली आणि गोळी मात्र पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिली, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. अंगाला दरदरून घाम, हाताला कंप, डोळ्यांपुढे अंधारी आणि विनाकारण चिडचिड ही त्याची लक्षणे आहेत. असे झाल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. ग्लिमेपिराइडची मात्रा बहुतेक वेळा इंजेक्शन सुरू करतानाच कमी करावी लागते. टेनेलिग्लिप्टिनची गोष्ट वेगळी आहे. ज्या संप्रेरकाचे काम हे इंजेक्शन करते, त्याच संप्रेरकाचा नाश ही गोळी थोडा लांबवते, त्यामुळे दोन्ही एकत्र घेऊन पैसे जातात आणि फायदा वाढत नाही. मेटफॉर्मिन सहसा चालू राहते. मात्र यांतला कोणताही बदल स्वतःच्या मनाने करू नका. पहिली सुई टोचण्यापूर्वी दोन्ही डॉक्टरांपैकी एकाला सगळ्या गोळ्या दाखवून लेखी घ्या.

सीमाभागातल्या आपल्या माणसांचे उपचार असेच गावोगावी वाटले गेलेले असतात, हे मी रोज पाहतो. रोजच्या गोळ्या गावात, रक्ततपासणी बेळगावात, मोठे डॉक्टर कोल्हापूरला किंवा मिरजेला, आणि लेक गोव्यात दिलेली असेल तर तिकडची आणखी एक चिठ्ठी. एकदा एका आजोबांनी माझ्या टेबलावर औषधांची कापडी पिशवी रिकामी केली, तेव्हा एकाच औषधाच्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या निघाल्या आणि आजोबा तिन्ही नेमाने घेत होते. यात त्यांची काहीच चूक नव्हती, कारण तीन ठिकाणी तीन नावांनी लिहिलेले औषध एकच आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून माझा आग्रह असतो की एक साधी शंभर पानी वही करावी, तिच्यात प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहावी आणि कोणत्याही गावच्या डॉक्टरकडे जाताना ती न्यावी.

आता घरच्यांच्या भीतीविषयी. सेमाग्लुटाइड हे इन्सुलिन नाही, आणि इन्सुलिनसुद्धा शेवटचा टप्पा नसते. जेवण आतड्यात उतरले की आतड्याच्या पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सोडतात. साखर वाढलेली असेल तेव्हाच ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते, जठरातले अन्न सावकाश पुढे जाऊ देते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचवते. शरीरातले हे नैसर्गिक संप्रेरक अवघ्या दोन-तीन मिनिटांत विरते. त्याच्याशी मिळताजुळता पण टिकाऊ रेणू संशोधकांना अमेरिकेतील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडला आणि त्यावरून बनवलेल्या एक्सेनटाइडला तिथे २००५ मध्ये परवानगी मिळाली. ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. सेमाग्लुटाइड शरीरात इतके सावकाश विरते की आठवड्याला एक सुई पुरते. सुई टोचतात म्हणून औषध कडक, असे समजण्याचे कारण नाही.

तुमचा वजन-उंचीचा निर्देशांक (बीएमआय) ३३ च्या वर असल्यामुळे हे औषध तुमच्यासाठी योग्य विचाराने लिहिलेले दिसते. सुरू करण्यापूर्वी दोन तपासण्या मात्र नक्की करून घ्या. पहिली, डोळ्याची बाहुली मोठी करून आतल्या पडद्याची, कारण अनेक वर्षे चढलेली साखर झपाट्याने उतरली तर आधीच बिघडलेला पडदा काही जणांत आणखी बिघडतो. दुसरी, मूत्रपिंडांसाठी, लघवीतून जाणाऱ्या प्रथिनांची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची. मधुमेहाने मूत्रपिंडे दुबळी झालेल्या रुग्णांवरील २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडमुळे मूत्रपिंडाच्या गंभीर बिघाडाचा आणि त्यासोबतच्या मृत्यूंचा एकत्रित धोका २४ टक्क्यांनी कमी झाला, तेव्हा तुमच्या लघवीत प्रथिने आढळली तर औषध घेण्याचे ते आणखी एक कारण ठरेल.

प्रश्न: मुलगी २६ वर्षांची आहे. वजन ६८ किलो, उंची १६० सेंटिमीटर. चार महिन्यांवर लग्न आले आहे. ओळखीच्या एका बाईंनी इंजेक्शन घेऊन १० किलो वजन उतरवले आणि त्या आम्हालाही चिठ्ठीशिवाय आणून द्यायला तयार आहेत. द्यावे का?
(एक आई, शहापूर, बेळगाव)

उत्तर: ताई, कृपया देऊ नका. तुमच्या पत्रात मुलीचे वजन आहे, उंची आहे, लग्नाची तारीख आहे, पण तिला स्वतःला काय हवे आहे याविषयी एक ओळही नाही. ते तिला आधी विचारावे, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

तिचा निर्देशांक २६.६ आहे. आपल्या लोकांत कमी वजनालाही पोटाभोवती चरबी साठत असल्यामुळे भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात, हे खरे आहे. परंतु वजनासाठीच्या या इंजेक्शनांची परवानगी ३० च्या पुढे, किंवा रक्तदाब, मधुमेह यांसारखा आजार सोबत असेल तर २७ च्या पुढे आहे. त्याहून मोठी बाब लग्नानंतरची आहे. गरोदरपणात ही औषधे चालत नाहीत आणि सेमाग्लुटाइड तर गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी बंद करावे लागते. टिर्झेपटाइड हे दुसरे इंजेक्शन सुरू करताना आणि त्याची मात्रा वाढवताना गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणजे गोळी चालू असूनही दिवस राहू शकतात. आणून देणाऱ्या बाईंना यातले काही ठाऊक असेल, असे मला वाटत नाही. चिठ्ठीशिवाय आलेले पेन खरे आहे का, वाटेत ते तापले का, हेही कळायला मार्ग नसतो.

मुलीची पाळी नियमित येते का? चेहऱ्यावर जादा केस किंवा मानेमागे काळसर, जाड कातडी आहे का? असल्यास थायरॉइड आणि साखर तपासून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. त्या तपासणीला लग्नाच्या तारखेशी बांधण्याचे कारण नाही.

प्रश्न: माझ्या पत्नीला सेमाग्लुटाइडचे पेन दिले आहे. आमच्या गावात पावसाळ्यात झाड पडले की दोन-दोन दिवस वीज नसते. पेन कसे ठेवायचे? शिवाय तिला जेवल्यावर फार मळमळते.
(एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर: न उघडलेले पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या कप्प्याला ते चिकटू देऊ नये, कारण एकदा गोठलेले औषध पुन्हा पातळ झाले तरी निकामी असते. वापरायला काढलेले पेन ३० अंशांच्या खाली काही आठवडे टिकते. तो नेमका अवधी पेटीतल्या पत्रकात छापलेला असतो, तो पाहून पेनवर चिकटपट्टी लावून शेवटची तारीख लिहा. त्यामुळे पावसाळ्यात चालू पेनाची काळजी नको, उन्हाळ्यात मात्र हवी. मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून तिच्यात लहान मडके बसवावे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पेन त्यात ठेवावे. इन्सुलिनसाठी ही युक्ती खेड्यापाड्यांत चांगली चालते. बेळगावहून पेन आणताना ते बसच्या खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.

टोचताना दर वेळी नवी सुई लावावी. नव्या पेनातून आधी सुईच्या टोकावर औषधाचा थेंब येतो का, ते पाहावे. बेंबीपासून दोन बोटे सोडून पोटावर किंवा मांडीवर सुई सरळ टोचावी, बटण पूर्ण दाबून खिडकीत शून्य दिसू द्यावे, मग सावकाश सहा अंक मोजावेत आणि नंतरच सुई काढावी. घाईने काढली तर कातडीवर औषधाचा ओघळ दिसतो, म्हणजे तेवढी मात्रा वाया गेली. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड डब्यात साठवून दवाखान्यात द्याव्यात. उकिरड्यावर टाकलेली सुई सफाई करणाऱ्याच्या हातात जाते.

मळमळ सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा वाढवल्यावर जास्त असते. पहिले चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम देतात ते शरीराला सवय व्हावी म्हणून, त्यामुळे पत्नीची मात्रा वाढवायची घाई नको. थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा खावे, तळलेले आणि फार तेलकट टाळावे आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात धुवावा. आपल्याकडे पंगतीत आग्रहाने वाढण्याची रीत आहे. या दिवसांत तुम्ही स्वतःच तिच्या वतीने ‘पुरे’ म्हणा. पण पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी, न थांबणारी तीव्र वेदना उठली, किंवा उलट्यांमुळे पाणीही टिकत नसेल, तर पुढची सुई न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्वादुपिंडाला सूज येणे किंवा पित्ताशयात खडे होणे हे क्वचित, पण खरे धोके आहेत.

प्रश्न: वडील ७१ वर्षांचे, मधुमेही, सडपातळ आहेत. तीन महिन्यांत ७ किलो वजन घटले आणि साखर ३५० च्या वर आहे. त्यांना हे नवे इंजेक्शन सुरू करावे का?
(एक वाचक, अथणी)

उत्तर: नाही. भूक आणि वजन घटवणारे औषध त्यांना अपाय करील. या आठवड्यातच त्यांना दाखवा. त्यांना बहुधा इन्सुलिनची गरज आहे, आणि वजन इतके का घटले याचा शोध घेताना क्षयरोग आणि स्वादुपिंडाचा विकार या दोन्हींसाठी तपासणी व्हायला हवी.

प्रश्न: मी शिक्षिका आहे, वय ४६. मधुमेह आणि रक्तदाब आहे. सहा महिन्यांत टिर्झेपटाइडने ९१ किलोवरून ८१ किलोवर आले. साखर उत्तम आहे आणि गुडघे दुखायचे थांबले. पण खर्च झेपत नाही. आता बंद केले तर चालेल का?
(एक वाचक, चिकोडी)

उत्तर: बाई, तुमची कमाई मोठी आहे आणि ती टिकावी म्हणूनच स्पष्ट लिहितो. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी जवळपास १५ टक्के वजन उतरले होते. त्यांतल्या काही जणांकडे औषध थांबवल्यानंतर वर्षभर लक्ष ठेवले, तेव्हा उतरलेल्या वजनातले दोन तृतीयांश परत आले होते. यात इच्छाशक्तीचा दोष नाही. रक्तदाबाची गोळी थांबवली की रक्तदाब चढतो, तशीच औषध थांबले की भूक परत येते. म्हणूनच मी नव्या रुग्णाला पहिल्याच भेटीत विचारतो की वर्षभराचा खर्च धरून ठरवले आहे ना. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा ५ मिलिग्रॅमची एक कुपी ४,३७५ रुपयांची होती, म्हणजे महिन्याला १७,५००. शिक्षकाच्या पगारातून घरभाडे, मुलांची फी आणि हे, असा ताळमेळ किती महिने बसणार?

बंद करणे आणि चालू ठेवणे यांच्यामध्येही वाटा आहेत. डॉक्टरांना विचारून टिकेल ती सर्वांत कमी मात्रा ठेवता येते. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती आणि त्यानंतर इतर कंपन्यांना ते बनवता येते, तेव्हा स्वस्त पर्यायावर जाता येईल का, याचीही चौकशी करा. मात्र दोन औषधांच्या मिलिग्रॅमचा हिशेब सारखा नसतो, त्यामुळे बदल डॉक्टरांनीच करावा. बंदच करावे लागले तर साखरेच्या इतर औषधांची सोय आधी लावा. मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

आणखी एक विचारतो. ९१ किलोवरून ८१ वर येताना गेलेल्या १० किलोंत काही भाग स्नायूंचाही असतो. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठबस करून पाहा. जड जात असेल तर ताटात आधी मटकी-मुगाची उसळ, डाळ, दही किंवा अंडे घ्या, मग ज्वारीची भाकरी आणि शेवटी भात. शाळेचे जिने चढा आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलण्याचा व्यायाम करा. पुढच्या तपासणीला जाताना वजनासोबत कमरेचे मापही लिहून न्या, आणि औषध बंद करण्याचा निर्णय त्या भेटीतच, तुमच्या डॉक्टरांसमोर बसून घ्या. त्या दिवसापर्यंतची सुई मात्र चुकवू नका.