विहिरीच्या काठावर धरलेला हात

"मॅडम, मी भित्रा आहे का, एवढंच सांगा. बाकी काही नको."

पहिल्याच भेटीत, खुर्चीत नीट टेकायच्याही आधी दत्ता हे बोलला. शेजारी त्याची बायको सुरेखा, पर्स मांडीवर घट्ट धरून खिडकीबाहेर बघत बसलेली. दोघांची नावं मी बदलली आहेत, गावही सांगत नाही. लिहायची परवानगी मात्र दोघांनी मनापासून दिली आहे. जुन्नर तालुक्यातलं ऊस-टोमॅटो पिकवणारं घर, दोन मुलं, सासूबाई. अडीच महिने नवरा-बायको कामापुरतंच बोलत होते. दत्ता रात्री तीनला दचकून उठायचा आणि ओट्यावर जाऊन बसायचा. सासूबाईंना वाटलं बाहेरचं काही असेल, म्हणून आधी देवऋषी झाला. मग आशाताईंनी त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं.

झालं होतं ते असं. ऐन ऊसतोडीचे दिवस. शेतीपंपाला रात्रीची वीज, त्यामुळे दत्ता रात्रभर पाण्याच्या पाळीवर. पहाटे मोटर बंद करायला तो विहिरीकडे गेला तर आतून खरवडल्याचा आवाज. बॅटरी मारून पाहिलं तर मोटारीच्या पाइपाला पुढचे दोन पाय घालून लटकलेला बिबट्या. वर्ष-दीड वर्षाचा असेल. विहिरीला कठडा नाही, रात्री कुत्र्यामागे धावताना आत पडला असावा. दत्ताने फोन केले. वन विभागाचं पथक दुसऱ्या गावच्या कामात गुंतलेलं, यायला वेळ लागणार होता. सात वाजेपर्यंत काठावर दीडेकशे माणूस जमलं. बिबट्याची पकड सुटायला लागली तसा दत्ताने सदरा काढला आणि काठाकडे धावला. घरून पळत आलेल्या सुरेखाने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि सोडलंच नाही. बिबट्या दोनदा पाण्याखाली जाऊन वर आला. तिसऱ्यांदा आला नाही. वीस मिनिटांनी गाडी आली, ती मेलेलं जनावर बाहेर काढायला.

एवढ्यावर थांबलं असतं तर दुःख काळाबरोबर निवलं असतं. पण कुणीतरी चौदा सेकंदांचा व्हिडिओ फिरवला. त्यात उघडाबंब दत्ता, त्याला मागे ओढणारी सुरेखा आणि खाली बुडणारं जनावर. त्याच्याखाली लोकांनी लिहिलेलं दत्ताने मला मोबाइलवर दाखवलं. 'एवढी गर्दी, मर्द एकही नाही.' 'बायकोच्या पदराआड लपला.' हे लिहिणाऱ्यांपैकी एकानेही ती विहीर पाहिली नव्हती. दत्ताने मात्र ते सगळं पाठ केलं होतं. मग जे व्हायचं तेच झालं. "हिनं हात धरला नसता तर ते जगलं असतं," असं तो घरात म्हणायला लागला, आणि सुरेखाने बोलणं बंद केलं.

आमच्या भागात हा प्रश्न कुणाच्या हौसेचा नाही. धरणं झाली, कालवे आले, पाण्यामागे ऊस आला, आणि उसात बिबट्या राहायला आला. त्याची पिल्लं उसात जन्मतात, उसातच मोठी होतात. त्यांच्या लेखी तेच रान. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तिथली माणसं वर्षानुवर्षं हे काम करताहेत. पण पहाटे बॅटरी घेऊन विहिरीपाशी पहिला पोचतो तो शेतकरीच. वनरक्षक नाही, डॉक्टर नाही. म्हणून "आम्ही काय करायचं?" हा प्रश्न माझ्याकडे दर हंगामात कुणी ना कुणी घेऊन येतं.

दुसऱ्या भेटीत मी दत्तापुढे कागद ठेवला आणि त्या पहाटेचं जसं आठवेल तसं, घड्याळ लावून लिहायला सांगितलं. त्याने चार ओळी लिहिल्या. पाच चाळीसला दिसलं. फोन केला. लोक जमले. मेलं. कागद माझ्याकडे सरकवला आणि मान खाली घातली.

सुरेखाने तो कागद ओढून घेतला. आतापर्यंत ती माझ्याशी जेमतेम दहा वाक्यं बोलली असेल. तिने पेन मागितलं आणि त्याच्या ओळींच्या मध्ये मध्ये बारीक अक्षरात लिहायला लागली. 'ह्यांनी पोरांना घरी हाकललं.' 'ह्यांनी शिट्ट्या मारणाऱ्यांना गप्प केलं.' 'ह्यांनी बाज आणली, चारी पायांना दावी बांधली.' 'बाज सोडली पण दोर एक परस कमी पडला.' 'हे दुसरा दोर आणायला शेडकडे पळाले, तेवढ्यात त्याचा पाय सुटला.'

दत्ता त्या ओळी वाचत राहिला. मग म्हणाला, "हे व्हिडिओत नाही."

"व्हिडिओ चौदा सेकंदांचा आहे," मी म्हटलं. "तुम्ही तिथं दोन तास होतात."

बाज सोडण्याची ही पद्धत अगदी बरोबर होती. जुन्नर-आंबेगावकडे विहिरीतल्या बिबट्यासाठी नेहमी हेच करतात. बाजेला चारी बाजूंनी दोर बांधून ती पाण्याला टेकेल इतकी खाली सोडायची. दमलेलं जनावर तिच्यावर येऊन बसतं आणि पिंजरा येईपर्यंत तग धरतं. कधी शिडी किंवा लांब लाकूड सोडलं, लोकांना मागे घेतलं आणि एक बाजू मोकळी ठेवली, की ते स्वतःच चढून उसात निघून जातं. काठावरून "गोळी मारा, बेशुद्ध करा" असं ओरडणारे खूप असतात. पण पाण्यातल्या जनावराला भुलीचं इंजेक्शन दिलं तर भूल चढेल तसं ते बुडेल. आणि काठावरच्या आरडाओरड्यानं बिथरून कित्येकदा ते धरलेली जागाही सोडतं. म्हणजे गर्दी गप्प करणारा माणूस त्या जनावराचं आयुष्य वाढवत असतो. त्या पहाटे ते काम दत्ताने केलं होतं.

तिसऱ्या भेटीत मी त्याला मुद्द्यावर आणलं. "समजा सुरेखाने हात धरला नाही. तुम्ही उतरलात. पाय कुठे टेकवलात?"

त्याने डोळे मिटले. शेतकऱ्याला आपली विहीर पायरी-पायरीने पाठ असते.

"पायऱ्या नाहीत... कडा नाही. पाइप आहे." थोडं थांबून, "पाइपाला ते होतं."

"मग?"

बराच वेळ गेला. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"ते माझ्यावर चढलं असतं मॅडम. त्याला काय कळणार, मी वाचवायला आलोय."

बुडणारा जीव हाताला लागेल त्याच्यावर चढतो. माणूससुद्धा हेच करतो, म्हणून तर पोहायला शिकवणारे सांगतात की बुडणाऱ्याकडे आधी दोर फेका, काठी पुढे करा, अंगाला अंग लावू नका. बिबट्याला तर नखं आहेत. आणि विहिरीत उतरण्याचा धोका जनावरापुरताच नसतो. 2024 च्या एप्रिलमध्ये नगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर पडक्या विहिरीत पडलं. त्या विहिरीत शेणाचा गाळ साठवलेला होता. मांजराला काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, आणि असे एकामागून एक पाच जण गेले. सहावा जिवंत निघाला, त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. ही बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा उठून बाहेर जाऊन उभी राहिले. त्या पाचांमधलं कुणी मूर्ख नव्हतं. प्रत्येक जण आधीच्या जिवासाठी उतरला होता. कुजलेल्या गाळातून निघणारा वायू डोळ्यांना दिसत नाही.

दत्ताला मी हे सांगितलं तेव्हा तो एकच बोलला, "कमरेला दोर." ते त्याने पुन्हा दोनदा म्हटलं.

आता माझं मत. सामान्य माणसाने रानटी जनावर वाचवायला विहिरीत, पुरात किंवा बिळात उतरू नये. हे मी स्पष्ट सांगते. पण "जनावरासाठी जीव काय घालायचा?" हे वाक्य मी माझ्या खोलीत चालू देत नाही. ज्याला त्या बिबट्याचं तोंड रात्री तीनला दिसतं, त्याच्या दुःखावर ते वाक्य थुंकल्यासारखं पडतं. बिबट्याच्या जिवालाही किंमत आहे, आणि दत्ताला ती कळली होती म्हणून तर तो धावला. चूक त्याच्या कळवळ्यात नव्हती. काठावर उभं राहून काही न करता बघणं माणसाला सहन होत नाही. छाती भरून येते, पाय आपोआप पुढे जातात. उडी मारली की निदान ती घुसमट संपते. पण ती उडी मारणाऱ्याची घुसमट असते, खाली पाण्यात असलेल्याचा त्याने फायदा होतोच असं नाही. म्हणून हा निर्णय काठावर घ्यायचा नसतो, घरी, आधीच, शांत डोक्याने घेऊन ठेवायचा असतो.

खरी गाठ मात्र सुटली ती सुरेखाकडून. चौथ्या भेटीत मी तिला विचारलं, "तुम्हाला त्या दिवसाचं काय आठवतं?" ती म्हणाली, "त्याचे डोळे." मी समजले दत्ताचे. ती म्हणाली, "नाही. त्याचे." आमच्याकडे डोंगराच्या कडेने वाघोबाची ठाणी आहेत. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला तिथे नारळ, नैवेद्य असतो. सुरेखा माहेरची डोंगराकडची. या अडीच महिन्यांत ती तीनदा एकटी वाघोबाला जाऊन आली होती, घरात कुणालाही न सांगता. "मीच मारलं त्याला. ह्यांचा हात सोडला असता तर... पण सोडू कशी? पोरांना काय सांगू?" आणि ती रडली. दत्ताला हे काहीच माहीत नव्हतं. तो इतके दिवस समजत होता की हिला ते मेल्याचं काही वाटलंच नाही.

तो उठला, तिच्या खुर्चीजवळ खाली बसला आणि तेच मनगट तिच्यापुढे केलं. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

दोघंही आपापल्या परीने त्या जिवाचं सुतक पाळत होते. फक्त त्याने आपलं ओझं तिच्या डोक्यावर ठेवलं होतं, कारण विहिरीवर आणि दोरावर राग काढता येत नाही. घरात असा राग दिसला की मी आधी हे विचारते: तुम्हाला दुःख कशाचं झालंय, ते एकमेकांना सांगितलंय का? बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं.

झोपेचंही सांगते, कारण ही तक्रार अनेक जण घेऊन येतात. असं काही पाहिल्यावर दोन-तीन आठवडे झोप मोडणं, आवाज कानात राहणं, त्या जागेजवळ जावंसं न वाटणं यात वेड लागल्याचं काही नाही. महिना उलटूनही ते तसंच राहिलं, कामावर परिणाम व्हायला लागला किंवा दारू वाढली, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायचं. दत्ताला मी दाखवायला लावलं, काही दिवस गोळीही दिली गेली. जवळ कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 वर आहे, मराठीतही बोलता येतं.

माझ्याकडे आयाही येतात. "पोरगा साप धरायला जातो, अडवू की नको?" एकोणीस-वीस वर्षांची मुलं, हातात वाकडी काठी, खिशात मोबाइल. त्या मुलांना मी मण्यारीचं सांगते. तिचा दंश कित्येकदा जाणवतसुद्धा नाही. माणूस झोपून जातो आणि पहाटे पापण्या उचलेनाशा होतात. भारतात वर्षाला सरासरी 58,000 माणसं सापाने जातात असा अंदाज आहे. ज्यांनी रीतसर शिकून, वन विभागाला कळवून हे काम घेतलंय त्यांचा मला आदर आहे, आणि त्यांनाही साप चावतो. बाकीच्यांनी लांबून साप कुठे शिरला त्यावर नजर ठेवावी, पोरं-कुत्री लांब ठेवावीत आणि फोन करावा. एका आईने हे ऐकून विचारलं, "एवढंच? मग तो म्हणेल, मी काय केलं?" तिचा प्रश्न खरा होता. त्या वयाला केलेलं दिसावं लागतं, टाळी लागते. मी तिला म्हटलं, घरात टाळी तुम्ही द्या, नजर ठेवल्याची. ती तशी द्यायला लागली, असं तिनेच पुढे सांगितलं.

दत्ता-सुरेखाची शेवटची भेट मी त्यांच्या घरी केली. विहीर दाखवायची होती म्हणाले. तीन बाजूंनी कठडा बांधून झाला होता, चौथ्या बाजूच्या विटा रचून ठेवलेल्या. आत एक लांब लाकूड, खाचा पाडलेलं, कायमचं उभं केलेलं. ओट्याच्या भिंतीवर खडूने वन विभागाचा 1926 हा क्रमांक आणि त्याखाली वनरक्षकांचा. कोपऱ्यात जुनी बाज, चारी पायांना दोर बांधून ठेवलेली.

दत्ता अंगणात दोर पसरून पावलांनी मोजत होता. "साठ फूट," तो म्हणाला. "पुरे."

सुरेखा चुलीपुढून उठून आली. "उन्हाळ्यात पाणी खाली जातं," ती म्हणाली. "ऐंशी घ्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं, दोराचं टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन फाटकाकडे चालत गेला.