मिलानची कोल्हापुरी आणि आजीची करवतकाठी

प्रश्न : माझी मुलगी महाविद्यालयात शिकते. मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चप्पल झळकल्यापासून तिला पारंपरिक वस्तूंची ओढ लागली असून आता ती आजीची करवतकाठी साडी कापून जॅकेट शिवायचे म्हणते. होकार द्यावा का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : तिची आवड मोलाची आहे. जून 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, तेव्हा त्यांच्या मुळाचा उल्लेखही नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने ते मूळ मान्य केले. या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे मूळ प्रदेशाची अधिकृत ओळख, मिळालेले असताना हे घडले, याची खंत वाटते. म्हणूनच सीताबर्डीवर खरेदी करताना चप्पल कातड्याचीच आहे ना आणि हाताने शिवलेली आहे ना, हे तिला अवश्य पाहू द्या.

साडीबाबत मात्र घाई नको. करवतकाठी ही आपल्या विदर्भाची, नागपूर-भंडाऱ्याच्या विणकरांची टसर रेशमाची साडी असून करवतीच्या दात्यांसारखे तिचे काठ विणायला फार वेळ आणि कसब लागते. साडी उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा तपासा. पोत शाबूत असेल तर कात्री लावूच नये. तीच साडी साध्या पांढऱ्या शर्टावर नेसली तरी आजच्या चालीला शोभेल. घड्यांवर रेशीम विरले असेल, तर केवळ धड राहिलेले काठ अलगद उसवून नव्या टसरच्या जॅकेटला लावावेत आणि आतून मऊ सुती अस्तर द्यावे.