नेदरलँड्समधलं बाळंतपण आणि आईचे ९० दिवस

तुला चौथा महिना लागलाय, नवरा आइंडहोवनला रुजू झालाय आणि आई म्हणते पहिलं बाळंतपण माहेरीच. तेव्हा आत्ताच यावं, की नाशिकला बाळंत होऊन बाळ जरा मोठं झाल्यावर निघावं, असं तू विचारलंयस. मी इथेच फेब्रुवारी २०२४ मध्ये बाळंत झाले, तीही पहिलटकरीण, म्हणून जरा सविस्तर लिहिते. यायचं असेल तर २८ आठवड्यांच्या आत ये, नाहीतर सरळ तिकडचं सगळं उरकून ये. त्या सुमारानंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि पुढे पुढे घेतच नाहीत, पण ते निभावतं. खरी गोष्ट अशी की इथे बाळंतपणाची बरीचशी तजवीज पोट दिसायच्या आधीच झालेली असते.

आल्यावर पहिला धक्का म्हणजे डॉक्टर भेटतच नाही. सगळं नीट चाललं असेल तर नऊ महिने तुला बघणार ती फरलॉसकुंडिखे, म्हणजे शिकलेली, परवानाधारक सुईण. गायनॅकॉलॉजिस्टकडे रवानगी काही गुंतागुंत असेल तरच. सोनोग्राफ्याही मोजक्याच. तारीख ठरवायला एक, तेराव्या आठवड्याच्या सुमारास एक आणि विसाव्याला एक. सांगलीला माझ्या वहिनीची दर महिन्याला व्हायची, त्यामुळे मला वाटायचं की माझ्याकडे कुणी लक्षच देत नाहीये. सुईण पोट चाचपायची, बाळाचे ठोके ऐकवायची आणि विचारायची, "काही शंका?" आपण आपलं सवयीने "नाही" म्हणायचं, की दहा मिनिटांत बाहेर. तिसऱ्या खेपेपासून मी प्रश्न वहीत लिहून न्यायला लागले, तेव्हा तीच बाई अर्धा तास बोलत बसली. इथे न विचारता कुणी काही सांगत नाही, विचारलं तर काही लपवत नाही. आपल्याकडच्या बायकांना मधुमेहाचा धोका जास्त, म्हणून साखरेची चाचणी मात्र त्यांनी आपणहून केली.

विसाव्या आठवड्याला सोनोग्राफी करणाऱ्या मुलीने सहज विचारलं, "मुलगा की मुलगी, सांगू?" माझी नजर आधी दाराकडे गेली. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी बघतच मोठे झालो ना आपण!

पैशांचं थोडक्यात. इथे राहायला आल्यापासून चार महिन्यांच्या आत आरोग्यविमा घ्यावाच लागतो आणि मूळ विम्याला गरोदर आहेस म्हणून नाही म्हणता येत नाही. सुईणीचा खर्च त्यातूनच जातो, वर्षाला पहिले ३८५ युरो आपण भरायचे असतात तेही तिला लागू नाहीत. रक्ततपासण्या आणि औषधं मात्र त्या ३८५ मध्ये मोजतात. वैद्यकीय कारण नसताना हौसेने दवाखान्यात बाळंत झालीस तर काही रक्कम खिशातून जाते. इथे अजूनही साधारण सातातली एक बाई घरीच बाळंत होते, त्यामुळे "घरी की दवाखान्यात?" हा प्रश्न तुला अगदी चहा की कॉफी अशा सुरात विचारतील. दचकू नकोस.

आता महत्त्वाचं. क्रामझोर्ख. बाळंतपणानंतर आठएक दिवस एक प्रशिक्षित बाई रोज घरी येते. कमीत कमी २४ तास, जास्तीत जास्त ८०, बहुतेकींना ४९ च्या आसपास मिळतात. विमा भरतो, आपला वाटा तासाला पाचेक युरो. टाके बघते, बाळाचं वजन आणि ताप बघते, दूध पाजायला शिकवते, संडास-बाथरूम घासते, आल्यागेल्याला कॉफीही देते. पण तिची नोंदणी लवकर करावी लागते. चौथा महिना म्हणजे उशीरच झालाय, नवऱ्याला आजच करायला सांग. सुईणीचंही तसंच. नोंदणी झाली की पलंगाची उंची विचारतील. गादीसकट ८० सेंटिमीटर हवी, त्या बाईची कंबर मोडू नये म्हणून! पायांखाली ठेवायचे ठोकळे भाड्याने मिळतात. आम्ही महिनाभर एवढ्या उंच पलंगावर झोपलो की रात्री उतरताना नवरा दोनदा पडला.

माझ्या कळा रात्री अकराला सुरू झाल्या. पहिलटकरणीला नियम असा की तास-दीड तास दर चार-पाच मिनिटांनी कळ येत असेल तरच फोन करायचा. तीनला केला. सुईण आली, तपासलं, पिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलेलं. "पॅरासिटामॉल घे, गरम शॉवरखाली उभी राहा," म्हणाली आणि चक्क निघून गेली. सहाला परत आली तेव्हा सहा सेंटिमीटर झालं होतं. आम्ही ठरवलेल्या दवाखान्यात खाट नव्हती. गावाबाहेरच्या दुसऱ्या दवाखान्यात, आपल्याच गाडीतून, पंचवीस मिनिटं. प्रत्येक स्पीडब्रेकर मला अजून तोंडपाठ आहे. पाठीतलं इंजेक्शन मागितलं, पण भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेत होते आणि ते येईपर्यंत वेळ टळून गेली होती. तुला ते हवं असेल तर आधीपासून सांगून, लिहून ठेव. पावणेअकराला मुलगी झाली आणि संध्याकाळी पाचला मी घरी होते. हो, त्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला क्रामझोर्खची बाई दारात. तिने आधी पाळण्यातला गारवा पाहिला, पत्र्याची छोटी बाटली उकळत्या पाण्याने भरली, कापडी पिशवीत घातली आणि बाळाच्या पायाशी, अंगाला लागणार नाही अशी ठेवली. इथली शेगडी ती हीच. मग कुरकुरीत गोल टोस्टवर लोणी लावून त्यावर गुलाबी-पांढऱ्या साखरगोळ्या पेरून मला दिल्या. मुलगा असता तर निळ्या. गोळी चावली तर आत बडीशेपेसारखी चव. त्याने दूध येतं, असं इथल्या बायका मानतात. मी बाळंतशेपा चघळत बसलेली, तिला डबी दाखवली. दोघी हसत सुटलो.

आईबद्दल. व्हिसिटर व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. ते आधीच्या महिन्यात वाया घालवू नकोस. आठ दिवस क्रामझोर्ख असतेच, खरा एकटेपणा ती गेल्यावर, नवऱ्याची रजा संपल्यावर येतो. त्याला एक आठवडा पूर्ण पगारी आणि पुढे पाच आठवड्यांपर्यंत ७० टक्के पगारावर रजा मिळते, ती त्याने तुकड्यांत घ्यावी. आईला तारखेच्या आठवडाभर आधी आण. हमीपत्रावर नवऱ्याला नगरपालिकेत सही करावी लागते, व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो.

आईला दोन गोष्टी आधीच सांगून ठेव, नाहीतर तिचं आणि क्रामझोर्खच्या बाईचं वाजेल. पाळण्यात राईची उशी, दुपटी, कानटोपी काही चालत नाही, बाळ झोपायच्या पिशवीत पाठीवर निजवायचं. आणि मध चाटवायचा नाही. धुरीचं म्हणशील तर आमच्या आईने ओवा टाकला आणि तिन्ही मजल्यांवरचे धुराचे अलार्म एकदम ठणाणले. मग तिने गुपचूप ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं, ते बाईंनीही कौतुकाने बघितलं.

नावाचं मात्र आधी ठरवा. बाराव्या दिवशी बारसं वगैरे ठीक, पण इथे जन्माची नोंद तीन दिवसांत करावी लागते आणि नाव तेव्हाच लागतं. आम्ही आत्याबाईंना व्हिडिओ कॉलवर घेऊन बारसं केलं, तोवर नाव कागदावर चढून नऊ दिवस झाले होते, तरी कानात कुर्र केलंच. इथे जन्मली म्हणून बाळ डच होत नाही. हेगच्या वकिलातीतून भारतीय पासपोर्ट काढायचा, जन्माची तिथली नोंद वर्षाच्या आत, आणि मग बाळाचा राहण्याचा परवाना.

सामानात डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा आण. तूप आणू नकोस, दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. इथलं बिनमिठाचं लोणी कढवलं की झकास रवाळ तूप होतं. येण्याआधी रक्तगट, हिमोग्लोबिन, हिपॅटायटिस, एचआयव्ही आणि सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट इंग्रजीत एका फाइलमध्ये लाव. आणि आईचा पासपोर्ट काढलेला नसेल तर उद्या सकाळी तेच पहिलं काम.